राउटर भाड्यानं ठेवावा की विकत घ्यावा? तारेकडचा डब्बा त्यांचा, वायफायचा आपला

भाऊंचा प्रश्न असा आहे. घाटंजीच्या बाजूचं गाव, गावात आत्ता फायबर आला, आणि ऑपरेटरनं तीन गोष्टी समोर ठेवल्या. एक म्हणजे डब्बा भाड्यानं, महिन्याला ८० रुपये आणि वरून जीएसटी, ५०० डिपॉझिट. दुसरं, २००० रुपये एकदाच द्या, डब्बा तुमचा. तिसरं, ४९९ वाला प्लॅन वर्षभराचा एकसाथ भरला तं डब्बा फ्री. घर समोरून स्लॅबचं, मागं जुनं मातीच्या भिंतीचं, कवेलूचं. गोठ्यावर दोन कॅमेरे, पोरगी नीटचे क्लास ऑनलाइन करते. आणि शेवटी विचारलं की "युट्यूबवर तं सगळे म्हणतात भाडं म्हणजे पैसे पाण्यात, विकत घ्या, मंग घेऊ का?"

मी ह्याच जिल्ह्यात ह्या लाईनीत आहे, केबल टीव्हीच्या काळ्या वायरीपासून. मंग तांब्याच्या टेलिफोन तारेवरचं ब्रॉडबँड आलं, त्याच्या बिलात मॉडेमचं भाडं वेगळं लागून यायचं, तेव्हाही लोक हाच प्रश्न विचारायचे. तेव्हा मी डोळे मिटून सांगायचो विकत घ्या, कारण तांब्याच्या तारेवर कोणताही एडीएसएल मॉडेम लावला की चालायचा, युजरनेम पासवर्ड टाकला की काम झालं. फायबरमधे तसं नाही, आणि सगळा घोळ इथंच होतो.

पहिले हा डब्बा काय आहे ते पाहून घ्या. भिंतीवर एकच दिसतो पण त्याच्या पोटात दोन मशिनी आहेत. एक ओएनटी, जी काचेच्या तारेतून आलेला उजेड घेऊन त्याचं इंटरनेट करते. दुसरी राउटर, जी ते इंटरनेट घरात वायफायनं वाटते. पहिलीचं नातं कंपनीशी, दुसरीचं तुमच्या घराशी. हे दोन जोडून एका डब्ब्यात आले म्हणून आपण विचारतो डब्बा भाड्यानं की विकत, खरं तं दोन्हीसाठी उत्तर वेगवेगळं आहे.

ओएनटी कंपनीशी बांधलेली असते म्हणजे कशी, ते सांगतो. ऑपरेटरच्या ऑफिसात ओएलटी नावाची मशीन असते, तिथून एक फायबर निघतो, रस्त्यात स्प्लिटर लागतात, एकाचे आठ, आठाचे चौसष्ट होतात आणि त्यातली एक तार तुमच्या घरी येते. एकाच फायबरवर सगळं गाव असल्यानं ओएलटीला कळावं लागते की कोणता डब्बा कोणाचा, म्हणून प्रत्येक ओएनटीचा सिरीयल नंबर तिथं चढवावा लागतो. नंबर चढला नाही तं तुम्ही पाच हजाराचा डब्बा आणा, पॉनची, म्हणजे फायबरच्या जोडणीची, लाईट लुकलुकतच राहणार. त्यात भानगड अशी की फायबरवर इंटरनेट वाटायच्या दोन पद्धती आहेत, काही ऑपरेटर जीपॉन वापरतात, काही इपॉन. जीपॉनमधे खाली येणारा वेग अडीच जीबीपीएसच्या जवळपास, सगळ्यांनी वाटून घ्यायचा, इपॉनमधे सव्वा. एकाचा डब्बा दुसऱ्यावर चालत नाही, एक्सपॉन लिहिलेला असला तं दोन्हीवर चालते, निदान डब्ब्यावर तसं लिहिलेलं असते.

निदान म्हणतो कारण एकदा एका फाट्यावरच्या किराणावाल्या भाऊंनी ऑनलाइन २६०० चा चांगला एक्सपॉन डब्बा मागवला होता. मी गेलो, सिरीयल नंबर चढवला, लाईट हिरवी झाली, मला वाटलं झालं. पण इंटरनेट येईना. दोन तास बसलो, दोनदा चहा झाला. जीपॉनमधे ओएलटी डब्ब्याला सेटिंग पाठवते ती ओएमसीआय नावाच्या भाषेत, भाषा म्हणायला एकच पण दर कंपनीची बोली वेगळी, जसं आपली वऱ्हाडी आणि तिकडं गडचिरोली-भंडाऱ्याकडची झाडीबोली. समजते बरचसं, पण एखाद्या शब्दावर गाडी अडते. तिथं व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच तारेवरची वेगवेगळी लाईन ओळखायच्या नंबरच्या, सेटिंगवर अडली. शेवटी ऑपरेटरचाच साधा डब्बा लावला आणि तो २६०० वाला परत करायची मुदत निघून गेली होती, तो अजून त्यांच्या गल्ल्याखाली पडून आहे. डब्बा खराब नव्हता बरं, दुसऱ्या गावात दुसऱ्या ओएलटीवर कदाचित पळाला असता.

आणि युट्यूबचं म्हणाल तं ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले, नाही तं तिथले पाहून बनवलेले. तिकडं बऱ्याच घरी इंटरनेट केबल टीव्हीच्या कोअॅक्स वायरवरून येते, डॉक्सिस म्हणतात, त्यात मॉडेमचा ठराविक नमुना आहे आणि कंपन्या यादीच देतात की हे हे मॉडेम आमच्याकडं चालतील. भाडंही तिकडं दणकून, महिन्याला १०-१५ डॉलर. शिवाय त्यांच्याकडं २०१९ चा कायदा आहे, ग्राहकानं स्वतःचं मशीन लावलं तं त्याच्याकडून भाडं घेता येत नाही, डिसेंबर २०२० पासून तो लागू आहे. जर्मनीत तं २०१६ पासून आपल्या पसंतीचा राउटर लावायचा हक्कच आहे. तिथं विकत घ्या म्हणणं बरोबर. आपल्याकडं ८० रुपयाचं भाडं आणि वरून ऑपरेटरची मर्जी, म्हणून तो हिशोब जसाच्या तसा इकडं उचलून आणू नका.

आता आपला हिशोब करू, करायलाच पाहिजे. ८० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९४ रुपये ४० पैसे. वर्षाचे झाले ११३३. दोन हजाराचा डब्बा घेतला तं बाविसाव्या महिन्यात भाडं त्याच्या पुढं जाते. तीन वर्षं धरली तं भाडं जवळपास ३४०० आणि विकत २०००, चौदाशे वाचले. कागदावर विकत घेणारा जिंकला.

पण त्या तीन वर्षांत डब्बा एकदा जळला तं? जळलेल्यावर वॉरंटी देत नाहीत, बोर्डावर काळा डाग दिसला की दुकानदार हात वर करते. मंग दुसरा दोन हजाराचा, म्हणजे चार हजार, आणि भाडेवाला ३४०० मधेच बसला. म्हणजे सगळा खेळ एका प्रश्नावर येते, की तीन वर्षांत तुमचा डब्बा जळणार की नाही. आणि भाऊ, आपल्या भागात जून ते सप्टेंबर जेवढे डब्बे जळून माझ्या टेबलावर येतात तेवढे बाकीच्या आठ महिन्यात मिळून येत नाहीत.

लोकांना वाटते वीज आकाशातून सरळ डब्ब्यावर पडते. तसं क्वचित. जास्त वेळा काय होते, गावाच्या डीपीवर न्यूट्रल तुटते. न्यूट्रल तुटलं की ज्या घरात २३० यायला पाहिजे तिथं साडेतीनशे, चारशेपर्यंत व्होल्टेज चढते, एकाच मिनिटात अख्ख्या गल्लीतले टीव्ही, चार्जर, सेट टॉप बॉक्स, राउटर सगळे एकसाथ जातात. कमी व्होल्टेजनं डब्ब्याला तेवढं होत नाही, अॅडाप्टर १०० पासून २४० पर्यंत सांभाळून घेते, उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर सुरू झाले आणि लाईट पिवळा पडला तरी राउटर चालतच राहते. मारते ते वर गेलेलं व्होल्टेज.

दुसरा रस्ता कॅमेऱ्याचा, आणि भाऊ हे तुमच्यासाठी खास. गोठ्यावरचे कॅमेरे, तिथून उघड्यावरून घरात आलेली तांब्याची वायर, ती डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्ब्याला, डीव्हीआरची लॅन केबल डब्ब्याला. जवळपास कुठं वीज पडली, अगदी दोन वावरं सोडून पडली तरी ह्या लांब वायरीत झटका तयार होते आणि तो डीव्हीआरमधून लॅन पोर्टवाटे डब्ब्यात येते. मी असे डब्बे उघडून पाहिले आहेत ज्यात अॅडाप्टर शाबूत, फायबरची बाजू शाबूत, फक्त लॅनचा भाग कोळसा. काचेच्या तारेतून वीज येत नाही हे खरं आहे, पण त्या काळ्या ड्रॉप वायरीला, म्हणजे खांबावरून घरी येणाऱ्या वायरीला, जी बाजूनं स्टीलची तार असते, वजन धरायला, ती वीज आणते. ती तार भिंतीवरच्या हुकाला बांधून तिथंच कापायची असते, घरात फक्त काचेची बाजू न्यायची. घाईत असलेला पोरगा ती तशीच डब्ब्यापर्यंत ओढत नेते, तुम्ही उभं राहून कापायला लावा. एका मिनिटाचं काम आहे.

तर आता माझं म्हणणं. ओएनटी कंपनीचीच राहू द्या, भाड्यानं नाही तं डिपॉझिटवर, आणि वायफायचा राउटर वेगळा, स्वतःचा विकत घ्या. ऑपरेटरला सांगा मला तुमचा तो दुहेरी बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन वायफाय सिग्नल देणारा) ८० रुपयेवाला नको, साधा एका लॅन पोर्टचा डब्बा द्या, वायफाय नसलेला. आमच्याकडचे बरेच ऑपरेटर असा डब्बा मागितला तं नुसत्या डिपॉझिटवर देतात, भाडं लावत नाहीत, कारण तो त्यांना स्वस्तात पडते आणि त्यांच्या गोदामात पडलेला असते. पण ते स्वतःहून सांगणार नाहीत, मागावं लागते. नाहीच म्हणाले तं भाडं कमी करून मागा, ४०-५० वर येतात.

त्यानं फायदा असा की तारेकडची मशीन जळली तं त्यांची डोकेदुखी. आणि इथं पैशापेक्षा मोठी गोष्ट येते, कोण येणार आणि कधी येणार. शहरात डब्बा जळला तं माणूस गाडी काढून दुकानात जाते, तासाभरात नवीन. तुमच्या गावाहून यवतमाळ म्हणजे अर्धा दिवस आणि एक रोजी बुडाली. डब्बा तुमचा असला की ऑपरेटरचा पोरगा फोनवर म्हणते, "भाऊ, तुमचा डब्बा हाये, लाईन तं आमची ओके हाये, तुम्ही आणा मंग लावून देतो." डब्बा त्यांचा असला की त्याला तोंड फिरवता येत नाही, थैलीत दुसरा घेऊनच यावं लागते. पोरीचा क्लास चार दिवस बुडाला तं त्या चौदाशे रुपयाचं काय करता?

हे मी ऑपरेटरचा माणूस म्हणून बोलत नाही हो, मला दोन्हीकडून शिव्या पडतात.

राउटर स्वतःचा काहून, तं त्याची तीन-चार कारणं आहेत. कंपनी बदलली तरी तोच राउटर पुढं चालते, त्याला फायबरशी घेणं-देणं नाही, त्याला फक्त लॅनच्या वायरीतून इंटरनेट पाहिजे. उद्या गावात दुसरा कोणी आला, दर कमी केला, तुम्ही तिकडं गेलात, तं ओएनटी परत देऊन टाकायची आणि राउटरमधे नवीन युजरनेम पासवर्ड टाकायचा, बस. घरातल्या मोबाईल, टीव्ही, कॅमेऱ्यात काहीच बदलावं लागत नाही कारण वायफायचं नाव तेच राहते. शिवाय सेटिंगची चावी तुमच्या हातात राहते, कंपनीच्या डब्ब्याचा अॅडमिन पासवर्ड बहुतेक ठिकाणी ग्राहकाला देत नाहीत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जागा. ओएनटी जिथं तार आत येते तिथंच बसवावी लागते, नाजूक तार उगाच घरभर फिरवायची नसते, पण राउटर तुम्ही साध्या लॅन केबलनं घराच्या मधोमध नेऊ शकता. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत आरामात चालते आणि तुटली तरी कोणीही जोडून देते.

तुमच्या घराला तर हेच पाहिजे. समोर स्लॅब, मागं मातीच्या दीड-दोन फुटी भिंती. त्या भिंती उन्हाळ्यात गारवा ठेवतात, पण वायफायलाही तशाच अडवतात. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल तं एका मातीच्या भिंतीतच दम सोडते. दोन पॉइंट चार वाला जरा पुढं जाते, पण वेग कमी. समोरच्या खोलीत टीव्हीमागं डब्बा लटकवला आणि मागच्या खोलीत पोरगी क्लासला बसली की चक्र फिरत राहणार, मंग तुम्ही कंपनीला फोन करणार की स्पीड नाही. कंपनी म्हणेल केबल लावून चेक करा, केबलवर स्पीड पूर्ण येईल, आणि दोघंही खरे. टिनाचं छप्पर असलं तं आणखी पंचाईत, टिनातून सिग्नल पार होत नाही, आपटून परत येते. म्हणून राउटर स्लॅब आणि कवेलूच्या मधल्या दारात, डोक्याच्या वर, उघड्यावर ठेवा. कपाटात नाही, आणि देव्हाऱ्याच्या मागं तं नाहीच, तेलाचा काजळ आत जाते (हसू नका, तसे तीन काढले आहेत मी).

कोणता घ्यावा तं तुमचा प्लॅन साठ-सत्तर एमबीपीएसच्या आसपासचा असणार, त्याला मोठ्या सहा अँटेन्याच्या राउटरची गरज नाही. एसी १२०० लिहिलेला दुहेरी बँडचा राउटर दीड हजाराच्या आसपास मिळून जाते, १२०० म्हणजे बाराशे एमबीपीएस येणार असं नाही, तो दोन्ही बँडचा कागदावरचा जोडून काढलेला आकडा. वायफाय ६ वाला थोड्या जास्त पैशात मिळत असला तं घ्या, पण तुमचे मोबाईल जुने असले तं फरक जाणवणार नाही. कॅमेरे वायफायवर नेण्याचा विचार असला तं ते बहुतेक दोन पॉइंट चारवरच चालतात, त्या बँडचं चॅनल १, ६ नाही तं ११ ठेवा, बाकीचे एकमेकांवर चढतात. गावात शेजारीपाजारी कमी असल्यानं हा त्रास शहरापेक्षा कमीच. पहिल्या दिवशी राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला, आणि वायफायचा पासवर्ड मोबाईल नंबर ठेवू नका, अख्ख्या गावाला पाठ असते तो.

जोडायची पद्धत ऑपरेटरच्या पोराला सांगा की डब्बा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे त्यानं इंटरनेट नुसतं पुढं द्यायचं, आणि पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेटच्या लॉगिनचं, युजरनेम पासवर्ड माझ्या राउटरमधे टाकतो. तो कां कू करेल, कारण त्याला नंतर फोन नको. तेव्हा एक कागद काढून युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर असला तं तो, लिहून घ्या आणि दाराच्या मागं चिकटवा. ब्रिज नाहीच करून दिला तं राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे लॉगिन त्यांच्या डब्ब्यात आणि राउटर नुसतं वायफाय वाटणार, तरी काम भागते, फक्त त्यांच्या डब्ब्याचं वायफाय असलं तं ते बंद करायचं, नाही तं एकाच घरात दोन नावं आणि मोबाईल बरोबर दूरच्यालाच चिकटून बसते.

विकत घ्या असं पूर्णपणे मी कोणाला म्हणतो? ज्याचं घर तालुक्याच्या गावात आहे, अर्थिंग चांगलं आहे, इन्व्हर्टर आहे आणि ऑपरेटर स्वतः म्हणते की ह्या मॉडेलचा डब्बा आमच्या ओएलटीवर चालते, लिहून देतो, त्यानं खुशाल घ्यावा. तेव्हाही ऑपरेटरकडूनच किंवा त्यानं सांगितलेलंच मॉडेल घ्या, आणि टेलिफोन पण त्याच लाईनीवर असला तं डब्ब्यावर फोनचं छोटं पोर्ट आहे की नाही पाहा. बीएसएनएलचा फायबर घेतलेल्या कितीतरी लोकांचा जुना लँडलाईन नंबर आता ओएनटीतूनच चालते, फोन पोर्ट नसलेला स्वस्त डब्बा आणला की नंबर मुका. आणि जुना, कोणाचा तरी वापरलेला डब्बा पाचशेत मिळते म्हणून घेऊ नका. तो आधीच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधे लॉक असू शकते, नाही तं तो मुळात कंपनीचाच, परत न केलेला असते, उद्या नंबर चढवताना सापडले की तुम्हीच चोर.

एअरफायबर, म्हणजे छतावर डब्बा लावून ५जी सिग्नलवर चालणारं, त्याच्यात हा प्रश्नच येत नाही. तो बाहेरचा डब्बा कंपनीचाच असते, कनेक्शन सोडलं की परत द्यायचा. वावरात राहणारे, जिथं फायबर यायचा नाही, त्यांना मात्र सिमवाला ४जी राउटर विकतच घ्यावा लागते, आणि तिथं घेण्याआधी बँड, म्हणजे तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालते, ते पाहा. जिओचं दूरवर पोचणारं ४जी ८५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड ५. बीएसएनएलचं नवीन ४जी ७०० वर, बँड २८. स्वस्त राउटरच्या खोक्यावर २८ लिहिलेला नसला आणि तुम्ही बीएसएनएलचं सिम घातलं तं बसा टॉवरकडं पाहत.

आता तिसरा पर्याय, वर्षभराचे पैसे भरा आणि डब्बा फ्री. ४९९ वर जीएसटी धरून ५८९ झाले, बारा महिन्याचे सात हजार पासष्टच्या वर. हे पैसे पहिल्याच दिवशी त्यांच्या खिशात. कापूस विकल्यावर हातात पैसा असते तेव्हा लोक भरून टाकतात, सोपं वाटते. पण नवीन लाईन आहे, गावातला पहिला पावसाळा अजून गेला नाही. रस्त्याचं काम निघालं, जेसीबीनं फायबर ओढला, पंधरा दिवस लाईन बंद, तं महिन्याचा ग्राहक दुसऱ्याकडं जाऊ शकते, वर्षाचा बांधलेला. आणि फ्री म्हणजे डब्बा तुमचा की वापरायला फ्री, हे विचारा. बहुतेक वेळा दुसरंच असते. मी म्हणतो पहिले सहा महिने महिन्यानं भरा, एक पावसाळा पाहा, मंग दिवाळीनंतर वर्षाचं घ्या, तेव्हा सवलतही मिळते.

डिपॉझिटचं एक सांगून ठेवतो, माझ्याच घरचं आहे. माझ्या सासुरवाडीला एका ऑपरेटरकडं डिपॉझिट भरलं होतं, पावती व्हॉट्सअॅपवर देतो म्हणाला, दिली नाही, आपणही मागितली नाही, ओळखीचा माणूस. दोन वर्षांनी त्यानं अख्खं नेटवर्क दुसऱ्याला विकलं. नवीन मालक म्हणते माझ्याकडं तुमच्या डिपॉझिटची नोंद नाही, जुना फोन उचलत नाही. आठशे रुपये गेले ते गेलेच, वरून नवीन मालकानं डब्बा आमचा म्हणून उचलून नेला. मी ह्या धंद्यात असून. तेव्हा पावतीवर रक्कम, परत मिळणार हे शब्द आणि डब्ब्याचा सिरीयल नंबर लिहून घ्या, डब्ब्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, परत देताना पण फोटो काढा आणि घेतल्याची सही घ्या. भांडण झालंच तं आधी कंपनीच्या तक्रार नंबरवर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या, तिथं नाही झालं तं त्यांच्याच अपील अधिकाऱ्याकडं, ट्राय, म्हणजे टेलिकॉमवर नियम ठेवणारी सरकारी संस्था, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर पण आहे, मराठीत बोलतात.

एक खर्च मात्र नक्की करा, तो डब्बा भाड्याचा असो की विकतचा. मिनी यूपीएस. हजार-पंधराशेत येते, राउटर आणि ओएनटी दोन्ही त्यावर तीन-चार तास चालतात. लोक म्हणतात वीज गेल्यावर इंटरनेट तसंही जाते, तं तसं नाही. पॉन मधला पी म्हणजे पॅसिव्ह, रस्त्यातल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, ऑपरेटरच्या ऑफिसात बॅटरी असली की तुमच्या गावात अंधार असला तरी तार जिवंत असते. फक्त तुमचा डब्बा जागा पाहिजे. घेताना अॅडाप्टरवर काय लिहिलं ते वाचून घ्या, बहुतेक ओएनटी १२ व्होल्टच्या असतात पण काही छोटे राउटर ९ व्होल्टचे आहेत, पिन दोघांची सारखीच बसते, आणि नऊवाल्याला बारा दिले की संपलं. स्पाइक गार्डचा अर्थिंग नसलेल्या घरात फारसा भरवसा धरू नका. ढग गडगडायला लागले की प्लग काढा, आणि डीव्हीआरची लॅन केबल पण काढा, ती विसरतात लोक.

मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते आणि डब्ब्याच्या खोक्यावर चालायची मर्यादा चाळीस लिहिलेली असते. टिनाखाली भिंतीला लटकवलेला डब्बा दुपारी आपोआप बंद-चालू होते, लोक म्हणतात कंपनीचा प्रॉब्लेम. खाली घ्या, कवेलूच्या खोलीत न्या, थांबते. तुमच्याकडं ती थंड खोली आहेच.

वानरांवर काही इलाज नाही. वायरीला झोके घेतात आणि आतली काच कुठंतरी तडकते, बाहेरून वायर साबूत दिसते.

म्हणून पोरगा कनेक्शन लावायला येईल तेव्हा त्याला म्हणा, पॉवर मीटर लाव आणि मला आकडा दाखव. तारेतून येणाऱ्या उजेडाची ती ताकद, डीबीएममधे असते, मायनसमधे. वजा २० ते २४ च्या मधे असला तं उत्तम. जीपॉनचा डब्बा वजा २७ पर्यंत ओढते पण तिथं तो काठावर उभा असते, दर तीन डीबीला उजेड अर्धा होते, पाऊस पडला, जॉइंटमधे पाणी गेलं की लाल लाईट. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्याला जोडला तरी उजेड वाया जाते, हिरव्याचं टोक तिरपं घासलेलं असते, तेवढं डोळ्यानं पाहून घ्या, पण तारेच्या टोकात डोळा घालून पाहू नका, लेझर दिसत नाही पण असते. आकडा वजा २५ च्या खाली, म्हणजे वजा २६, २७ असा, निघाला तं सही करू नका, आधी जॉइंट नवीन मारायला लावा, नाही तं ड्रॉप वायर बदलायला लावा. डब्बा कोणाचा ते त्याच्यानंतर बोलू.